माल तोच, गलबत नवे

सुरतेचे नाव मराठी माणूस प्रथम शाळेच्या इतिहासात वाचतो. मोगल साम्राज्याचे ते श्रीमंत बंदर होते. तथापि बंदर म्हटले की धक्क्याला लागलेली मोठमोठी जहाजे डोळ्यांपुढे उभी राहतात, तसे दृश्य सुरत शहरात दिसत नसे. तापीचे पात्र उथळ व मुखाशी वाळूचे बांध असल्यामुळे समुद्रपार जाणारी मोठी जहाजे शहरापर्यंत येऊच शकत नसत. ती मुखाजवळच्या सुवाली येथे नांगर टाकून राहत आणि माल तेथून होड्यांतून व बैलगाड्यांतून शहराकडे जाई-येई. गलबत बदलताना व्यापाऱ्यास दोन चिंता असत. गठ्ठा भिजू नये ही एक, आणि गठ्ठ्यावरची खूण पुसली जाऊ नये ही दुसरी. कारण कोणाचा माल, कोठून आला, काय आहे हे कळेनासे झाले की उत्तम मालही बेवारस ठरतो.

सांप्रत आपल्या घराघरांत अशीच गलबत बदलण्याची वेळ आली आहे. येथे माल आहे आवाजाचा. आपल्या कपाटांत, प्लास्टिकच्या डब्यांत, सोफ्याखालच्या खणांत सीडींच्या चळती पडून आहेत. कोणी बाजारातून विकत घेतलेल्या भक्तिगीतांच्या, कोणी लग्नाच्या, कोणी मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या. एखादीवर पूज्य धर्मगुरूंचे सणाच्या मिस्सेतील प्रवचन आहे, तर एखादीवर मांडवाखाली बसून लग्नगीते म्हणणाऱ्या आजीबाई. २००० सालानंतरच्या पाच-दहा वर्षांत आपल्या खेड्यांत हे सारे हौसेने सीडीवर उतरवले गेले. त्यापूर्वीच्या कित्येक कॅसेटही त्याच काळी सीडीवर घेऊन मग टाकून दिल्या गेल्या. आता नव्या संगणकांत सीडी घालावयास जागाच नसते, मोटारीतून ती गेली, दूरचित्रवाणीखालचा प्लेअर बिघडला तर दुरुस्त करणारा मिळणे कठीण झाले. माल आहे, परंतु जुने गलबत पाण्यात बुडू लागले आहे.

तबकडीत असते तरी काय?

फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली ही तबकडी १९८२ साली प्रथम बाजारात आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर. ती पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची असून तिच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म खळगे एका वेटोळ्या रेषेत मांडलेले असतात. ही रेषा आतून बाहेर जाते आणि उलगडली तर सुमारे ५ किलोमीटर भरेल. खळग्यांवर अॅल्युमिनियमचा पातळ मुलामा, त्यावर लाखेसारखा रक्षक लेप आणि सर्वांत वर छापील चित्र. यंत्रातील किरण खालून येतो, मुलाम्यावरून परत फिरतो आणि खळगा कोठे आहे व कोठे नाही हे ओळखतो.

ते खळगे म्हणजे आकडे होत. गाणे सुरू असताना आवाजाच्या लहरीचे माप दर सेकंदास ४४,१०० वेळा घेतले जाते, डाव्या कानासाठी निराळे व उजव्यासाठी निराळे, आणि ती मापे तबकडीवर लिहिली जातात. एक तासाच्या गाण्यांस अशा मापांची सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. यात एक मोठा लाभ आहे. कॅसेटवरून कॅसेट केली की खरखर वाढे आणि तिसऱ्या-चौथ्या प्रतीत गायक पडद्याआड गेल्यासारखा वाटे. आकड्यांचे तसे नाही. हिशेबाच्या वहीतील बेरीज दुसऱ्या वहीत नीट उतरवली तर रक्कम कमी होत नाही. त्याचप्रमाणे सीडीतील आकडे संगणकात चोख उतरले तर शंभरावी प्रतही पहिलीइतकीच शुद्ध असते. सीडीवरून आवाज असा काढून घेण्याच्या क्रियेस जाणकार ‘रिप करणे’ म्हणतात.

सर्व सीडी सारख्या नव्हेत

पुष्कळांचा समज असा की तबकडी तुटली नाही म्हणजे ती सुरक्षित आहे. वस्तुतः आपल्या घरांत दोन भिन्न जातींच्या तबकड्या असतात. कारखान्यात साच्याने दाबून काढलेली, म्हणजे दुकानातून आणलेली सीडी बळकट असते व नीट ठेवल्यास कित्येक दशके टिकते. फोटो स्टुडिओत किंवा घरच्या संगणकावर ‘राईट’ केलेल्या सीडीत मात्र खरे खळगे नसतातच. तिच्यात एका रासायनिक रंगाचा थर असतो व किरणाने त्या रंगावर खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता व दमट हवा यांनी तो रंग बदलतो आणि खुणा पुसट होतात. कोकणचा पावसाळा व गुजरातचा उन्हाळा हे दोन्ही तिचे वैरी होत. विकत घेतलेल्या गाण्यांची सीडी नासली तर ती गाणी अन्यत्र मिळू शकतील. आजीच्या गाण्याची सीडी हीच त्या गाण्याची एकमेव वस्ती असते, आणि नेमकी तीच दुबळ्या जातीची असते.

तबकडीची खालची चकचकीत बाजू आपण जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहितो, हेही उलटे आहे. खालून १ मिलिमीटरहून जाड प्लास्टिकचे कवच असते. वरून मात्र मुलाम्यावर केवळ पातळ लेप असतो. वरचा ओरखडा मुलामा उडवून नेतो व तेथील आवाज कायमचा जातो.

नकलेने आवाज कसा तरतो याचे एक उदाहरण आपल्या धर्ममंडळातच आहे. पोप लिओ चौदावे यांची ८ मे २०२५ रोजी निवड झाली आणि त्यांनी जे नाव घेतले, त्या नावाचे तेरावे पोप १८१० साली जन्मले होते. १९०३ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांच्या प्रार्थनेचा व आशीर्वादाचा आवाज बेत्तिनी नावाच्या यंत्रज्ञाने मेणाच्या नळकांड्यावर घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये पोपमहाशयांनी देह ठेवला. मेणाची नळकांडी अशी की प्रत्येक वेळी वाजवताना ती थोडी झिजते. तरीही तो थरथरता वृद्ध आवाज आज कोणीही ऐकू शकतो, कारण मेणावरून तबकडीवर आणि तबकडीवरून पुढील साधनांवर त्याच्या प्रती वेळीच होत गेल्या. नेपोलियन जिवंत असताना जन्मलेला मनुष्य आपल्याशी बोलतो आहे! ज्या नळकांड्यांची प्रत कोणी केली नाही, त्यांवर कोण बोलले होते हेही आता कोणास सांगता येणार नाही.

उतरवून घेण्याची रीत

हे काम कठीण नाही. घरच्या दहावी-बारावीच्या मुलास सहज जमेल. नव्या संगणकात सीडीची खाच नसेल तर यूएसबी तारेने जोडावयाचा सुटा सीडी ड्राइव्ह मिळतो. एका घराने घेतला तर साऱ्या पाड्याचे काम होते. प्रथम तबकडी मऊ, स्वच्छ फडक्याने पुसावी. पुसताना हात मधल्या भोकापासून कडेकडे सरळ न्यावा, गोल फिरवू नये. धूळ चिकटली असेल तर साध्या पाण्याने हलकेच धुऊन सावलीत वाळवावी.

मग संगणकावर ती उघडून पाहावी. आत एमपीथ्री गाणी, छायाचित्रे किंवा चित्रफीत अशा फायली दिसल्या, तर रिप करण्याचे कारणच नाही. त्या जशाच्या तशा संगणकात उतरवाव्या. ती खरी आवाजाची सीडी असेल तर विंडोज संगणकातील मीडिया प्लेअरही ती रिप करतो. अधिक चोख काम हवे असेल तर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाची योजना घरगुती वापरास विनामूल्य मिळते. गाणी वाजवणारे यंत्र ओरखडा आला की हरवलेल्या आकड्याच्या जागी अंदाजाने दुसरा आकडा घालून वेळ मारून नेते. ही योजना मात्र शंका येताच तोच भाग पुनःपुन्हा वाचते आणि जेथे जमले नाही तेथे तसे स्पष्ट सांगते. खराब सीडीस एखादा तास लागला तरी धीर सोडू नये. एका ड्राइव्हने न वाचलेली तबकडी दुसऱ्या ड्राइव्हने वाचल्याचेही अनुभवास येते.

आवाज कोणत्या रूपात ठेवावा, हा पुढचा प्रश्न. एमपीथ्री या रूपात मनुष्याच्या कानास सहसा न जाणवणारा भाग गाळून फाइल लहान केलेली असते. फ्लॅक हे २००१ साली आलेले रूप काहीच गाळत नाही. कपड्याची घडी घालावी तसे ते आकड्यांची घडी घालते आणि वाजवताना पूर्ववत उलगडते. एक तासाची सीडी फ्लॅकमध्ये साधारणतः ३०० ते ४०० मेगाबाइटांत मावते. म्हणजे १०० सीडींचे घरचे भांडार ६४ गिगाबाइटच्या एका पेनड्राइव्हवर सुखाने राहील. म्हणून मूळ ठेव फ्लॅकमध्ये करावी आणि भ्रमणध्वनीवर ऐकण्यासाठी तिच्यावरून एमपीथ्री काढावी. बियाणे कणगीत राखून ठेवावे आणि दळण त्यातून थोडे काढावे, तसा हा व्यवहार आहे.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत एकच ठेवू नये. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणातून ऑगस्ट २००६ मध्ये सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी तापीत सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतेक भाग जलमय झाला. अशा पुरात कारखानी सीडी एक वेळ तग धरते, कारण तिचे प्लास्टिक पाण्याने विरघळत नाही. पण सोबतचा कागद लगदा होतो, राईट केलेल्या सीडीचा लेप सुटू शकतो, आणि संगणक चिखलाने भरला की त्यातील सारी ठेव संकटात येते. खानदेशातून, पालघर-वसईकडून कामधंद्यानिमित्त गेलेली पुष्कळ मराठी कुटुंबे सुरतेत वसली आहेत. ज्यांचे आप्त तेथे आहेत त्यांनी एक प्रत गावी ठेवावी व एक सुरतेस पाठवावी. तापी व वैतरणा एकाच दिवशी दोन्ही घरे बुडवतील असे सहसा होत नाही. पेनड्राइव्ह व हार्ड डिस्क याही अमर नाहीत. वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्या व दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवाव्या.

नाव नसलेला आवाज

रिप केलेल्या सीडीस संगणक आपण होऊन ‘ट्रॅक एक, ट्रॅक दोन’ अशी नावे देतो. बाजारी सीडीची खरी नावे तो इंटरनेटवरून आणू शकतो. आपल्या मांडवातील गाण्यांची नावे त्याला कोण सांगणार? गठ्ठ्यावरची खूण ती हीच. गाणे कोणी म्हटले, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणाच्या लग्नात, सामवेदीत की वाडवळीत, बाजा कोणाचा होता, एवढे तरी फाइलीच्या नावात व एका साध्या वहीत लिहिलेच पाहिजे.

लिहिलेले कसे टिकते हे सुरतेनेच दाखविले आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा फादर अँब्रोज या कपुचिन धर्मगुरूंच्या निवासास त्यांनी आदराने धक्का लावू दिला नाही, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. बर्निए या फ्रेंच वैद्याने आपल्या प्रवासवर्णनात ती लिहून ठेवली म्हणूनच ती आपणास ठाऊक आहे. आधुनिक काळात याच शहरातील हरीश रघुवंशी यांनी ‘मुकेश गीतकोश’ व गुजराती चित्रपटगीतांचा कोश सिद्ध केला. १९३२ साली पहिला गुजराती बोलपट निघाला. तेव्हापासूनच्या चित्रपटांची गाणी, त्यांचे गायक, कवी व संगीतकार एकेक करून धुंडाळावयाचे आणि नोंदवावयाचे, हे काम किती चिकाटीचे असेल! ध्वनिमुद्रिका पुष्कळांजवळ होत्या. त्यांची नोंद करणारा माणूस भेटला तेव्हा त्यांस ओळख मिळाली.

आपल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे भाग्यही नकलेनेच राखले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले व पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छापखान्याची प्रत गेली, आणि भाविकांनी हातांनी उतरवून ठेवलेली बाडे राहिली. त्यांच्याच आधारे जोसेफ सलडाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा प्रसिद्ध केले. दिव्याच्या उजेडात बसून दहा हजारांहून अधिक ओव्या उतरवून काढणाऱ्या त्या माणसांची नावे आपणास ठाऊक नाहीत. त्यांच्या श्रमांपुढे आपणास करावयाचे काम फारच थोडे आहे. संगणक उतरवतो, आपण फक्त नाव लिहावयाचे.

परंतु हे नाव लिहिण्यास मुदत आहे. मांडवातील आवाज ओळखणारी माणसे वृद्ध झाली आहेत. ‘ही माझी मावशी, ही पलीकडच्या आळीतली, आणि ही मध्येच हसली ती तुझी पणजी’ असे सांगणारे कोणी घरात आज असेल, तर सीडी त्यांच्याजवळ बसूनच उतरवावी. तबकडी आणखी दहा वर्षे टिकेलही. सांगणारे तितके दिवस आपणाजवळ असतील असे कोणी सांगावे?

ऐकण्याविषयी

उतरवलेला आवाज संगणकात कोंडून ठेवला तर कपाट बदलले इतकेच. पेनड्राइव्ह आजच्या बहुतेक दूरचित्रवाणी संचांना व ध्वनिवर्धकांना जोडता येतो. भ्रमणध्वनीवर तर सर्व काही मावते. सांप्रत इंटरनेटवर मागेल ते गीत क्षणात मिळते, त्यामुळे घरचे भांडार कशाला, असे तरुण विचारतात. त्यांस सांगावे की तेथे जगातील गाणी आहेत, आपल्या आजोबांनी म्हटलेली सायंकाळची प्रार्थना तेथे नाही. शिवाय तेथील गाणे भाड्याच्या घरासारखे असते. मालकाने काढून घेतले की बोलावयास जागा नाही.

महिन्यातून एखाद्या रविवारी रात्रीच्या रोझरीनंतर सर्वांनी एकत्र बसून अर्धा तास जुने काही ऐकावे. वडीलधाऱ्यांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर त्यांचा आवाज लावावा. प्रथम डोळे भरून येतील, मग मुले प्रश्न विचारतील, आणि ज्या नातवाने आजीस पाहिलेच नाही त्यास तिची बोली ऐकू येईल. सामवेदी व वाडवळी बोलींतील कित्येक शब्द आज घरातून उठून चालले आहेत. ते ज्या गाण्यांत बसले आहेत त्या गाण्यांस निदान आपण दार उघडे ठेवू शकतो.

सातवी आज्ञा

प्रती काढणे इतके सोपे झाल्यावर विवेकाचा प्रश्न येतोच. चोरी करू नये ही आज्ञा आवाजासही लागू आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याने खाजगी व वैयक्तिक उपयोगासाठी केलेला रास्त वापर अपराध मानलेला नाही. आपण विकत घेतलेली सीडी आपल्याच घरी ऐकण्यासाठी उतरवणे हे त्या भावनेस धरून आहे. तीच प्रत गावभर वाटणे किंवा पैसे घेऊन विकणे मात्र गैर. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो, आणि कवी व संगीतकार यांचे हक्क निराळे असतात. ज्या गायनवृंदाने रात्री जागून सराव केला व कर्ज काढून भक्तिगीतांची सीडी काढली, त्यांचा घास आपण काढून घेऊ नये. घरगुती ध्वनिमुद्रणांतही एक मर्यादा पाळावी. कोणाचे खाजगी बोलणे किंवा दुःखाचा प्रसंग त्या कुटुंबास न विचारता इंटरनेटवर टाकू नये.

पोप पायस बारावे यांनी १९५७ साली चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवर विश्वपत्र लिहिले आणि १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने संपर्कसाधनांवर स्वतंत्र हुकूमनामा काढला. यंत्र चांगल्या हाती पडले तर कुटुंबाचे कल्याण करते, हा त्यामागील विश्वास होता. आपल्या हाती आज जी यंत्रे आहेत ती त्या काळच्या नभोवाणी केंद्रासही मिळाली नसती. त्यांचा असा उपयोग करण्यास फार पैसाही लागत नाही.

धर्मग्रामातील युवकांनी मनावर घेतल्यास हे काम आणखी सुलभ होईल. एक संगणक, एक सुटा ड्राइव्ह व एक वही घेऊन दोन रविवार मिस्सेनंतर सभागृहात बसावे. लोकांनी आपल्या जुन्या सीडी आणाव्या, मुलांनी त्या उतरवून पेनड्राइव्हवर घालून द्याव्या, आणि मंडळींनी नावे सांगावी. देवळाच्या जुन्या सणांची, निवर्तलेल्या धर्मगुरूंच्या प्रवचनांची एक प्रत त्यांच्या संमतीने धर्मग्रामाच्या दप्तरीही राहावी. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या आपण शतकानुशतके जपल्या. त्या वह्यांतील माणसांचे आवाज जपण्याची सोय आपल्या पिढीस प्रथमच लाभली आहे.

प्रभू येशूने पाच भाकरींनी पाच हजारांस तृप्त केले. त्यानंतर उरलेले तुकडे गोळा करावयास त्याने शिष्यांस सांगितले आणि त्यांच्या बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हाती भाकरी वाढत होती, त्यालाही उरलेला तुकडा वाया जाणे रुचले नाही. आपल्या कपाटातील त्या धुळकट तबकड्या असेच उरलेले तुकडे होत. आज संध्याकाळी त्या खाली काढाव्या, पुसाव्या, आणि पहिलीवर कोणाचा आवाज आहे ते घरातील सर्वांत वृद्ध माणसास विचारावे.